बिनविस्तवाचा आलू

मायक्रोवेव्हमध्ये भाजलेल्या आलूला वास येत नाही. चुलीच्या राखेत आलू पुरला की साल करपल्याचा वास अंगणापर्यंत येतो आणि आता काढा म्हणून सांगतो. मायक्रोवेव्ह नुसता टिंग करतो. आईने हा फरक पहिल्याच दिवशी हेरला होता.

आलू म्हणजे बटाटा. आमच्या गोंदियाकडे बटाटा कोणी म्हणत नाही.

मायक्रोवेव्ह माझ्या धाकट्या भावाने आणला, दिवाळीच्या सुट्टीत. तो दरेकशाच्या शाळेत शिक्षक होता. सोमवारी पॅसेंजरने जायचा, शनिवारी परत गोंदियालगतच्या मुर्रीला, आईकडे. त्याचे लग्न झालेले नव्हते, वडील जाऊन बरीच वर्षे झाली होती, आणि मी लग्न होऊन गोंदियात. त्यामुळे आठवडाभर आई घरात एकटी. तिला साखरेचा आजार होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई, आणि सुई घेतली की पोटात काही गेलेच पाहिजे. गॅसची तिला भीती वाटायची, म्हणून सगळे चुलीवर. धूर खात बसण्यापेक्षा हे बरे, असे भावाचे म्हणणे.

"याच्यात इस्तो कुठी आहे?" आईने दार उघडून आत डोकावत विचारले. इस्तो म्हणजे विस्तव.

"इस्तो नाई राहत, माय. बिनइस्त्यानं शिजते."

"मंग खोटं शिजत असंल."

पहिला आलू त्याने तसाच आत ठेवला. तो फुटला. आवाज एवढा मोठा झाला की शेजारीण कुंपणापर्यंत आली. पेटीच्या आत चारी बाजूंना आलू चिकटला होता आणि मध्ये रिकामी साल.

"पोरायले शिकवते, अन् आलू नाई भाजता येत," आई म्हणाली आणि फडके आणायला गेली.

सोबत आलेल्या पुस्तिकेत लिहिले होते की आलूला काट्याने टोचे मारून घ्या. काटा आमच्या घरात कोणी पाहिला नव्हता. मग त्याने धानाची पोती शिवायचा दाभण काढला, धुतला, आणि त्याने आलू टोचला. तेव्हापासून तीच पद्धत पडली. मी ती त्याच्याकडून शिकून घेतली, कारण काम नीट माहीत असलेले बरे. सगळे आलू एका आकाराचे घ्यावेत. धुऊन पुसू नयेत, ओलेच ठेवावेत. सगळीकडून खोल टोचावे. बशीच्या मधोमध न ठेवता कडेला ठेवावेत, अर्ध्यात उलटवावेत, आणि टिंग झाल्यावर लगेच कापू नये. जाड कापडात गुंडाळून ठेवले की आतला गाभा मऊ होतो. मग दोन फाका करून मीठ, तिखट आणि वरून जवसाचे कच्चे तेल.

तो दर शनिवारी आलू करायचा आणि आई खायची. इतर दिवशी मायक्रोवेव्ह जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेला असायचा आणि आई चूल पेटवायची. मी विचारले तर म्हणायची, "एकटीसाठी कायले थे पेटी फिरवू?"

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. दरेकशाच्या बाजूला तापाचे कोणाला काही वाटत नाही, त्यालाही वाटले नाही. मलेरिया डोक्यात गेला. गोंदियात आणला तेव्हा तो मला ओळखत नव्हता. दुसऱ्या दिवशी संपला.

आमच्या घराण्यात मरणाच्या घरी दहाव्यापर्यंत चूल पेटत नाही. डबे भाऊबंदांकडून येतात. पहिल्या जेवणाला कडू घास म्हणतात, तो सगळ्यांनी घ्यावाच लागतो. दहाव्या दिवशी चूल नव्याने सारवायची, त्या घरातल्या थोरल्या बाईने ती पेटवायची, तिच्यावर रांधलेले सगळ्यांनी जेवायचे. तिथे सुतक सुटते.

माणूस गेला की कामे निघतात, आणि कामे मला कळतात. कोणाकडून कोणत्या वेळी डबा, पाहुणे कुठे निजणार, शाळेत कोणी कळवायचे, भटजीला कोणी सांगायचे, हे सगळे मी लिहून काढले आणि एकेक खोडत गेले. आईचे जेवण मात्र खोडता येत नव्हते. कडू घासाचा एक घास तिने तोंडात घेतला, त्यानंतर काही नाही. डॉक्टर म्हणाले, जेवणाशिवाय सुई देऊ नका. सुईशिवाय साखर चढत होती. ती भिंतीला टेकून बसून होती, ओठ वाळलेले, नजर जडावलेली. एक माणूस आत्ताच गेलेला, आणि दुसरे माझ्या डोळ्यांसमोर चाललेले.

"माय, दोन घास घे."

"लोकायच्या चुलीवरचं नाई उतरत मह्या गऱ्याखाली."

"मंग काय खाशीन? सांग, मी आणीन."

ती कोपऱ्यातल्या मायक्रोवेव्हकडे पाहून म्हणाली, "थो आलू दे. पोट्टा करत होता तसा."

बसलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. चुलतकाका म्हणाले, "सुतकात घरी रांधते का कोणी?"

उत्तर दिले मोठ्या मायने. ही माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, वेगळ्या घरी राहणारी, तोंडाने फटकळ, आणि रीतीभातीत सगळ्यांच्या वरचढ. "रांधून कोन राहिलं? त्या पेटीत इस्तो आहे का? धूर निघते? राख निघते?"

"नाई निघत, पण—"

"मंग चूल कशी झाली थे? कपाट समज."

"कपाटातून गरम आलू निघते का, वहिनी?"

"गरम कपाट समज. अन् तुले एवढीच रीत प्यारी असंल त तूच चार तिच्या तोंडात घास."

काका उठून ओसरीत गेले. लाईट होती. मी दोन आलू धुतले, टोचले, आत ठेवले. सुई दिली. टिंग झाल्यावर कापडात गुंडाळून थांबले, मग कापून मीठ-तिखट लावून आईपुढे ठेवले. तिने आधी एक फाक खाल्ली. मग दुसरी. बायका पदर तोंडाला लावून पाहत होत्या. मोठी माय मला म्हणाली, "पाह्य, जगली तुही माय." मला त्या दिवशी पहिल्यांदा रडू आले.

त्यानंतर दहाव्यापर्यंत ती आलूवरच राहिली. भारनियमनाचे वेळापत्रक मी भिंतीला लावले आणि सुईच्या वेळा त्याप्रमाणे पुढेमागे केल्या. सगळे मार्गी लागले असे मला वाटत होते.

दहाव्याला नदीवरचे विधी झाले. बायकांनी चूल सारवली, आत काड्या रचल्या. त्या घरातली थोरली बाई आईच, म्हणून मोठ्या मायने काडीपेटी तिच्या हातात दिली. आईने ती खाली ठेवली.

"पेटव, लहाने."

"कायले?"

"कायले म्हणजे? सुतक सुटाले."

"मले नाई सोडाचं."

"येड्यावानी करू नको. चूल नाई पेटवशीन त खाशीन काय? उपाशी मरशीन."

"उपाशी कायले मरन?" आई अगदी शांतपणे म्हणाली. "पेटीत इस्तो नाई म्हणून तूच त बोलली."

मोठ्या मायने काडीपेटी उचलून कमरेला खोचली. शेवटी तिच्या घरी तिच्या चुलीवर भात-वरण झाले, लोक तिथे जेवले आणि आपापल्या घरी गेले. आईने लाईट येण्याची वाट पाहिली आणि आलू लावला.

मला वाटले, महिनाभर चालेल. मग वाटले, वर्षश्राद्धापर्यंत. वर्षश्राद्ध मोठ्या मायच्या अंगणात झाले. आई आलू खायची, सोबत मुळा, काकडी, कच्चा कांदा, विस्तव न लागलेले काहीही. मायक्रोवेव्हमध्ये भातही होतो हे मी तिला करून दाखवले. तिने तो गाईला घातला. म्हणाली, त्याने त्यात भात कधी केला नव्हता. माझ्या घरचे डबेही गाईलाच. माझ्या घरी येऊन राहा म्हटले तर म्हणायची, "सुतकाचं मानूस पाहुनं जाते का?"

तिची साखर वर-खाली होत राहिली. डॉक्टर मला विचारत, "तुम्ही शिकलेल्या आहात ना? समजावत का नाही?" मी समजावत होते. घरून निघताना मुद्दे ठरवून जायची. वय, आजार, लोक काय म्हणतात, पावसाळ्यातला ओलावा, आणि सगळ्यात शेवटी तो.

"त्याले बरं वाटंल का, माय, तुले असं पाहून?"

"त्याले काय वाटते थे तुले येऊन सांगते का तो?"

मग मी भांडी घासून परत यायची.

एकदा सुई घेतल्यावर लाईट गेली, वेळापत्रकात नसताना. ती मायक्रोवेव्हसमोर बसून राहिली. शेजारणीला ती तिथेच घामाने निथळलेली सापडली, जीभ जड झालेली. तिने साखर चारली, मला फोन केला. मी पोचले तेव्हा शेजारीण म्हणाली, "बाई, तुह्या मायचा जीव लाईनमनच्या हातात आहे. त्यालेच एक डबा देत जा." मी हसले. दुसऱ्या दिवसापासून सुईच्या वेळेला मी ऑफिसातून फोन करायची आणि लाईट आहे का विचारायची. पोराबाळांची चौकशी करतात तशी.

हळूहळू त्या घरी कोणी पाणी पिईना. मुर्रीतल्या बायका दारातून बोलून परत जात. लग्नाची पत्रिका माझ्या हाती देत, आईच्या नको. त्यांच्या लेखी ते सुतकाचे घर होते, आणि आईच्याही. चुलीला भेगा पडल्या, आत मुंग्यांनी माती काढली. हे असेच तिच्या मरेपर्यंत चालणार हे मला दिसत होते. त्यावर काय काम करायचे ते मात्र सुचत नव्हते.

काही वर्षांनी, हिवाळ्यात, तिचा फोन आला. "आलू आयकून नाई राहिला."

मी गेले. मायक्रोवेव्हचा दिवा लागत होता, बशी फिरत होती, टिंग होत होते. आलू ठेवला तसाच थंड. तिने आदल्या संध्याकाळपासून तोच आलू पुन्हा पुन्हा टोचून आत ठेवला होता. आलूची चाळणी झाली होती. पोटात काही नाही, सुई नाही. मी पेटी रिक्षात घालून गोंदियाच्या बाजारात नेली. मेकॅनिकने उघडून पाहिली आणि म्हणाला, "मॅडम, इसका मेन पार्ट गया. अब नहीं मिलता. नया ले लो."

मी नवीन घेतला आणि दुपारच्या आत मुर्रीला लावला. आईने त्याला हातही लावला नाही.

"हे दुसरी आहे."

"काम तेच करते, माय."

"त्याची नोहे."

मग मी काही विचारले नाही. चुलीतली माती काढली, भेगा ओल्या मातीने बुजवल्या, काड्या रचल्या, घासलेट शिंपडून काडी ओढली. धूर छपराला लागला. मला वाटले ती आता उठेल, ओरडेल, पाणी ओतेल. मी डाळ-तांदूळ धुऊन खिचडी टाकली आणि तिला सुई दिली. तिने दंड पुढे केला. खिचडी झाल्यावर ताट वाढले. ती पाटावर येऊन बसली आणि जेवायला लागली. एवढ्या वर्षांनी चुलीवरचे गरम अन्न. पटापट खात होती. मिरची मागितली, ती मी तव्यावर भाजून दिली.

"सुटलं, माय," मी म्हणाले.

"काय सुटलं?"

"सुतक. पेटली ना चूल."

तिने माझ्याकडे पाहिले. त्यात राग नव्हता. लहान पोराला साधी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "तुह्या हातानं? तू दिल्या घरची लेक. तुह्या हातानं पेटली त या घरची चूल पेटली का थे?" आणि ताट पुढे केले. "वाढ अजून."

मी वाढले.

तेव्हापासून रोज सकाळी मी मुर्रीला जाते, चूल पेटवते, दोन्ही वेळचे रांधून ठेवते. ती पोटभर जेवते. साखर ताब्यात आली, अंगही जरा भरले. डॉक्टर म्हणतात, आता काळजीचे कारण नाही. निघताना मी विस्तवावर पाणी ओतते, कारण तो तसाच राहिलेला तिला चालत नाही. घरी आले की कशाला न शिवता आधी डोक्यावरून आंघोळ करते, मरणाच्या घरून आल्यावर करतात तशी, आणि मग ऑफिसला जाते. सुरुवातीला करत नव्हते.