मास्तरांचा माणूस

तुम्ही असे दारात काय उभे? या, चटई ओढून इथं माझ्याजवळ बसा. नाटकाला पुढची जागा धरायला धावता आणि एखादा माणूस ऐकायचा म्हटलं की एक पाय बाहेर. हे बरं नाही.

"बाई, जरासं ढिलं ठेव. माणसाले आतून फुगाले जागा पायजे."

हे मास्तरांचं पालुपद. झाडीपट्टीतल्या नाटकांचे कपडे मी वडशाला बसून शिवते, आणि मास्तर माझ्या समोरच्या घरात राहायचे. शाळेत त्यांनी कुणाला शिकवलं नाही, पण जो नाटक बसवतो तो आमच्याकडे मास्तर. तरुणपणी ते बाईचं काम करायचे. मी शिवलेलं पोलकं घातलं की एक खांदा असा उडवायचे, की मी खरी बाई असून मला आजवर तो जमला नाही.

त्यांच्या घरात आणखी एक जण असे, कंपनीचा पेटीवाला. दोघांची चूल एक, सायकल एक, आणि भांडणही एकच, भाजीत मीठ किती. कुणी विचारलं, "मास्तर, लगन काऊन नाई केलं?" की ते पेटीवाल्याकडे बोट दाखवायचे. "याले विचार. हा सोडत नाई मले." लोक हसायचे, मास्तरही हसायचे. दिसायचं सगळ्यांना, पण त्याला नाव कुणी दिलं नाही. मीही नाही.

पेटीवाला गेला तेव्हा त्याचे भाऊ गावाहून जीप घेऊन आले आणि त्याला घेऊन गेले. तेरवीला मास्तर शेवटच्या पंगतीत जेवले आणि बसनं परत आले. दोस्त होता बिचारा, असं लोक म्हणाले. दोस्तानं किती रडायचं, याला माप असतं.

पुढं ब्रह्मपुरीच्या कॉलेजात नाटकाचं शिबिर झालं. तिथं मास्तरांनी ग्रीक लोकांची एक जुनी गोष्ट ऐकली. ते सरळ माझ्याकडे आले, चप्पलसुद्धा काढली नाही.

"मोठी लढाई हाये, बाई. दोन वीर, एका तंबूत राहणारे. एक रुसून बसते, तं दुसरा त्याचंच चिलखत घालून जाते अन् मरते. मंग मागं राह्यला तो असा रडते का देवालेही आयकू जाते."

"हे दोघं एकमेकाचे कोण?"

"तेच तं लिहून राह्यलो." मग हळू म्हणाले, "मले एकडाव लोकायसमोर रडाचं हाये, बाई. त्याच्यासाठी. दुसरं काई नाई."

समुद्र आमच्यात कुणी पाहिलेला नव्हता, म्हणून ग्रीकांची जहाजं वैनगंगेत उभी केली. मरणारा वीर म्हणजे कंपनीचा विनोदी नट, चांगला ढोल्या. मागं राहणारे मास्तर, काडीसारखे. दोघांत चिलखत एकच. गादीचा कापूस भरून वर चंदेरी कापड लावलं आणि पाठीला नाडी ठेवली, म्हणजे दोघांनाही होईल.

नाटक घ्यायला एका गावच्या मंडळाचे अध्यक्ष आले. गोष्ट ऐकून खूश झाले.

"झक्कास हाये, मास्तर. फकस्त त्या दुसऱ्याले बाई करून टाका. राणी करा. गाणे बी बसते."

"जलमभर बाईच झालो मी तुमच्यासाठी, भाऊ. आता माणूस होऊ द्या."

"पब्लिक खुर्च्या फेकन."

"मंग प्लास्टिकच्या ठेवा."

अध्यक्ष हसले आणि फसले. पण जाता जाता अट घातली, हँडबिलात 'जिवलग मित्र' छापायचं. मास्तरांनी छापू दिलं.

आमची नाटकं उजाडेपर्यंत चालतात. शेवटचा प्रवेश आला तेव्हा कोंबडे आरवत होते. ढोल्या नट चिलखतासकट आडवा पडला, तशी मागची पोरं खिदळली, कारण तो मेला तरी लोकांना हसूच येतं. मास्तरांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. म्हणाले, "मित्र नोको म्हणा याले. हा माझा माणूस होता."

मागून शिट्टी आली. पुढं गोणपाटाच्या बोऱ्यावर बसलेली एक म्हातारी उठून मागं वळली.

"चूप बसा रे! मयत झाली त्याच्या घरी, दिसत नाई का?"

शिट्टीवाला खाली बसला. मास्तर रडले. पेटीवर नवा पोरगा होता, तो वाजवायचा थांबला तरी ते रडत होते.

सकाळी आम्ही गाठोडी बांधत होतो. ती म्हातारी नवा दुपट्टा घेऊन आली. ज्याचा जोडीदार जातो, त्याच्या खांद्यावर आमच्याकडे असा दुपट्टा टाकतात आणि त्याला कामाला उठवतात. तिनं तो मास्तरांच्या खांद्यावर टाकला. तोंडाचा रंग अजून पुसायचा होता त्यांच्या.

"आजी, नाटक होतं ते," मास्तर म्हणाले.

"मले का समजत नाई? नाटक सरलं. तू काऊन रडून राह्यला अजून?"

मास्तरांनी दुपट्ट्याच्या टोकानं डोळे पुसले. म्हातारी म्हणाली, "ऊठ बाबा. कामाले लाग," आणि बोरा गुंडाळून घरी गेली.

मास्तर या उन्हाळ्यात गेले. तेरवी माझ्या अंगणात झाली. माणसं बरीच आली. दुपट्टा मी आणून ठेवला होता, पण टाकायचा कुणाच्या खांद्यावर? ते घर तर पुरतंच रिकामं झालेलं.

नाटक अजून लागतं, मास्तरांचं काम दुसरा करतो. चांगलं करतो.

असो. तुमच्या गाडीची वेळ झाली. पण या खेपेसारखं उभ्या उभ्या येऊ नका. धान निघालं की नाटकं सुरू होतात, तेव्हा चार दिवस राहायला या. लवकर या. समोरच्या घरात कुणी नसलं की मला 'बाई' म्हणून हाक मारायलाही कुणी नसतं.