अळणी घास

मनुबाईचा नवरा नाथाजी पलटणीत होता, ब्रह्मदेशाच्या लढाईवर. घरात ती आणि सासू साळूबाई. दोघींत बोलणं व्हायचं ते म्हशीपुरतं.

खरजेचे फोड सुकले आणि मागोमाग मनुबाईचं तोंड सुजलं. शेजारणी म्हणाल्या, नवरा नसला तरी अंग बरं भरलंय. पण नडगीवर अंगठा दाबला की खळगा तसाच राहायचा. शेवटी ती एकटीच इस्लामपुरातून मोटारीनं सांगलीला गेली.

डॉक्टरांनी तिची लघवी नळीत उकळली, ती दह्यासारखी पांढरी झाली. त्यांनी समजावलं, फोडांच्या विषाशी झुंजायला निघालेल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मूत्रपिंडात शिरल्यात. झुंज संपली तरी हलत नाहीत, आपलंच घर जाळतायत. मग तिच्या मनगटावरच्या, तव्यानं भाजल्याच्या वणाकडे बोट करून म्हणाले, "आत असे वण पडतायत. वण धरला की तेवढा भाग कामातून गेला. मीठ अजिबात सोडा."

संध्याकाळी तिनं आपल्यापुरतं बिनमिठाचं कालवण काढलं. माणूस गेलं की सुतकात अळणी जेवायचं, ही त्या घरची रीत. साळूबाई ओरडली नाही.

"पोरगं लढाईवर हाय," ती म्हणाली, "आन् तू आत्ताच अळणी जेवतीस व्हय?"

मनुबाईनं कालवणात मीठ घातलं. सासूच्या धाकानं नव्हे. पहिला घास जिभेवर ठेवताच तिच्याही काळजात चर्र झालं होतं.

सुगीनंतर साळूबाई लेकीकडे म्हसवडला राहायला गेली. आता बघणारं कोणी नव्हतं. तरी चुलीपुढं एकटीच बसून मनुबाई रोज कालवणात मिठाची चिमूट घालायची. जोडवी बोटांत रुतली, तीही तिनं काढली नाहीत.

लढाई संपली. नाथाजी धडधाकट घरी आला. त्या दिवशी तिनं स्वतःसाठी वेगळ्या गाडग्यात कालवण केलं. जेवताना नाथाजीनं नेमकं तेच ओढून घेतलं, आणि त्याचा हात थांबला.

"अळणी हाय. खरं सांग, आई म्हसवडला न्हाई. आई गेली न्हवं?"

"आत्याबाई बऱ्या हायत. कुणी गेलं न्हाई. तुमी आलासा, आता मला अळणी खायाला हरकत न्हाई."

त्याला काही उमगलं नाही. जीव मात्र भांड्यात पडला. चिमणीच्या उजेडात तिच्याकडे बघत तो म्हणाला, तब्येत बरी सुधारलीय तुझी.

मनुबाईनं लुगडं पावलांवर ओढलं आणि घास तोंडात घातला.