तीन मिनिटे घास, एक मिनिट वाद

बँटम ही कोंबड्याची एक लहान जात आहे. पक्षी ओंजळीत मावावा एवढा. झुंजीत मात्र मागे सरत नाही. मुष्टियुद्धातल्या एका वजनगटाला त्याचे नाव दिलेले आहे. साडेत्रेपन्न किलोपर्यंतचा माणूस त्या गटात लढू शकतो. लष्करात असताना मी त्या गटात लढलो. जिंकलो थोडे. पुढे बरीच वर्षे, स्पर्धेच्या सकाळी वजनकाट्याशी उभे राहण्याचे काम माझ्याकडे होते. कोण टाच काट्याबाहेर ठेवतो, कोण मागच्या माणसाच्या खांद्याचा हळूच आधार घेतो, हे पाहणे म्हणजेच ते काम.

हे सर्व सांगण्याचे कारण माझे एक स्नेही आहेत.

ते पुण्याचे. पत्नी गेल्यावर इकडे परदेशात मुलीकडे, फ्लॅट बुश या उपनगरात राहायला आले. मी मुलाकडे शेजारच्याच बॉटनी डाउन्सला असतो. आमची पहिली भेट तिथल्या मॉलमधल्या बाकावर झाली. मुले खरेदी करीत होती आणि आम्ही दोघे पिशव्या सांभाळीत बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ निरखून पाहिले.

“हे नाक पडून मोडलेलं दिसत नाही.”

“नाही.”

“वजन कुठलं?”

“बँटम.”

ते सरकून माझ्या शेजारी बसले. “मग सांगा सुभेदार, बँटममधला सगळ्यांत थोर कोण?”

माझा हुद्दा त्यांनी अंदाजाने सांगितला होता. तो बरोबर होता.

त्या प्रश्नाचा निकाल आजतागायत लागलेला नाही. या गृहस्थांनी आयुष्यात कोणाला चापटही मारलेली नव्हती. परंतु मिळेल त्या जुन्या लढतीची चित्रफीत त्यांनी पाहिली होती. नावे आम्ही क्वचितच घेत असू. त्यांचा माणूस जपानी होता. वजन राखण्यासाठी तो लढतीपूर्वी कित्येक दिवस जवळजवळ अन्नपाण्यावाचून राहत असे, म्हणून मी त्याला ‘उपाशी’ म्हणे. माझा माणूस दक्षिण अमेरिकेतला, कॉफी पिकवणाऱ्या देशातला. त्याला ते ‘तुमचा कॉफीवाला’ म्हणत. उपाश्याने कॉफीवाल्याला हरवलेले होते, आणि हे ते मला कधी विसरू देत नसत. माझे म्हणणे असे की, हरून घरी बसलेला माणूस काही वर्षांनी परत येतो, वरच्या वजनात उतरतो आणि जिंकतो, तेव्हा त्याचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो.

“वजन बदललं की तो बँटम राहिला नाही,” ते म्हणत. “परीक्षा मराठीची आणि मार्क भूगोलाचे धरता तुम्ही.”

कॉफीवाल्याच्या एका लढतीची चित्रफीत आम्ही अनेकदा पाहिली आहे. प्रतिस्पर्ध्याच्या बरगडीखाली एक आखूड ठोसा बसतो. हात इतका कमी हलतो की प्रेक्षकांतून ओरडादेखील होत नाही. ज्याला तो बसला तो काही झालेच नाही अशा रीतीने आणखी एक पाऊल पुढे टाकतो. मग, काहीतरी आठवल्यासारखा, गुडघ्यांवर हळूहळू खाली बसतो. त्या एका पावलापाशी माझा श्वास आजही अडतो. पन्नास-बावन्न किलोंच्या देहात ही शक्ती कोठे साठवलेली असते हे मला त्या गटात लढूनही कळलेले नाही. माझे स्नेही त्या ठिकाणी चित्र थांबवीत आणि चष्मा काढून ठेवीत. त्या वेळी आमच्यात वाद नसे.

गेल्या हिवाळ्यात त्यांना घास उतरेनासा झाला. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. गाठ काढता येण्याजोगी होती. परंतु ते इतके वाळले होते की शल्यविशारदांनी भूल सोसणार नाही म्हणून शस्त्रक्रियेस नकार दिला. त्यांनी स्पष्ट सांगितले की वजन एक्कावन्न आहे, ते महिन्याभरात किमान चोपन्न झाले पाहिजे. नाही झाले तर पोटात नळी घालून पोसावे लागेल, शस्त्रक्रिया पुढे जाईल, आणि गाठ आपल्यासाठी थांबणार नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. ते खिडकीशी शाल पांघरून बसले होते.

“एक्कावन्न!” ते म्हणाले. “सुभेदार, मी आता अधिकृत बँटम. इतकी वर्षं बाहेरून बोललो. आता आतला माणूस म्हणून बोलेन.”

“चोपन्न करायचे आहेत.”

“म्हणजे या वयात गट सोडायचा. कॉफीवाल्यासारखा.”

त्यांची मुलगी स्वयंपाकघरातून बाहेर आली. ती एका बांधकाम कंपनीत अभियंता आहे. सकाळी मोटरवेवर दीड तास घालवून कामाला जाते आणि तितकाच वेळ घालवून परत येते. “काका, तुम्हीच काहीतरी करा. बाबा ढीगभर, अगदी हीप्स बोलतात, पण खायला बसले की चार चमच्यांत दमतात. मी सांगितलं की चिडतात. मी रडले तर ते पण रडतात, आणि मग कोणीच जेवत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी माझे जुने स्टॉपवॉच घेऊन गेलो.

पद्धत साधी होती. मुष्टियुद्धाची फेरी तीन मिनिटांची असते आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती असते. तीन मिनिटे त्यांनी खायचे. त्या वेळात बोलायचे नाही. बोलायचे ते विश्रांतीच्या मिनिटात, आणि बोलायचे ते याच विषयावर. फेरी सुरू होण्यापूर्वी मी त्यांच्या उपाश्याविरुद्ध एक विधान करीत असे आणि घड्याळ दाबीत असे. उत्तर द्यायचे तर तीन मिनिटांचे घास गिळावेच लागत.

“उपाश्याला ठोसाच नव्हता,” मी म्हणालो. “नुसती घाई होती. चालू.”

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिले आणि वाटी ओढली. वाटीत खीर होती. इथल्या रताळ्याला कुमारा म्हणतात. मुलगी त्याची साय घालून खीर करीत असे. एक घास तोंडात घेऊन ते बराच वेळ घोळवीत. मग डोळे मिटून, मान थोडी पुढे काढून गिळीत. घास छातीत जेथे अडे तेथे त्यांचा हात आपोआप जाई. हात खाली आला की पुढचा चमचा. मी लढती पुष्कळ पाहिल्या आहेत. जागेवर बसून इतक्या कष्टाने पुढे सरकणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मी घड्याळ थांबवले.

“घाई?” ते तत्काळ म्हणाले. “तुम्ही त्याला घाई म्हणता? समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही ही अक्कल आहे, घाई नाही. आठ दिवस पाणी मोजून प्यायलेला माणूस शेवटच्या फेरीत पहिल्यापेक्षा जलद होतो, ते कशावर? तुमच्या कॉफीवाल्यानं एक दिवस तरी—”

“मिनिट संपले. चालू.”

“अन्याय आहे हा!”

“घास.”

नाचणीचे सत्त्व आणि सातूचे पीठ मी पापाटोएटो भागातल्या भारतीय दुकानातून आणीत असे. मुलगी त्यात तूप, बदामाची पूड, दुधाची पावडर, जे सुचेल ते मिसळी. पहिल्या आठवड्यात काटा हलला नाही. दुसऱ्या आठवड्यात बावन्नच्या पुढे गेला. वादात माझी बाजू हळूहळू कमकुवत होऊ लागली, कारण त्यांना विचार करण्यास तीन-तीन मिनिटे मिळत आणि मला घड्याळाकडे पाहावे लागे.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस सर्व उलटून पडले. दुसऱ्या दिवशीही तेच झाले. काटा परत बावन्नवर आला. तिसऱ्या दिवशी मी विधान केले, घड्याळ दाबले. त्यांनी वाटीला हात लावला नाही.

“टॉवेल टाका, सुभेदार,” ते म्हणाले.

लढणाऱ्याच्या बाजूने टॉवेल रिंगमध्ये टाकला की लढत तेथेच थांबते. हा अधिकार फक्त त्याच्या कोपऱ्यात उभा राहून त्याला सांभाळणाऱ्या माणसाला असतो. आपण त्यांच्या कोपऱ्यात आहोत हे मला त्या क्षणी प्रथम कळले.

“टॉवेल मी आणलेला नाही,” मी म्हणालो.

ते खिडकीकडून माझ्याकडे वळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “मग असं करू. जाड जॅकेट घालून जातो. आतल्या खिशांत दोन-दोन कुमारा. कोणाला कळणार आहे?”

“मला.”

“तुम्हाला काय फरक पडतो हो?”

“काटा फसतो. भूल फसत नाही. रिंगमध्ये तुम्ही उतरणार आहात, रताळी नव्हेत.”

त्यांना हसू आले. हसताना छातीत कळ आली, आणि कळ ओसरल्यावर त्यांनी चमचा उचलला. “काय म्हणालात मघाशी? उपाश्याला बचाव येत नव्हता? दाबा घड्याळ.”

त्या दिवशी त्यांनी पाच फेऱ्या केल्या. अन्न पोटात राहिले.

वजनाच्या दिवशी मुलीने गाडी चालवली. मी मागे बसलो.  तपासणीच्या खोलीत एक धिप्पाड माओरी परिचारिका होती. तिने “किया ओरा” म्हणून आमचे स्वागत केले आणि बाहेर थंडी आहे तेव्हा जॅकेट काढले नाही तरी चालेल असे दयाळूपणे सांगितले. माझ्या स्नेह्यांनी माझ्याकडे पाहिले. मी भिंतीकडे पाहिले.

त्यांनी जॅकेट काढले. स्वेटर काढला. पट्टा सोडला, मनगटी घड्याळ काढले, बूट-मोजे काढले. शेवटी चष्मादेखील काढून मुलीच्या हातात दिला. “चष्म्याचं कशाला, बाबा?” ती म्हणाली.  बनियन आणि विजार एवढ्यावर, हाडांचा तो माणूस अनवाणी काट्यावर चढला आणि हात शरीराशी धरून ताठ उभा राहिला. मी काट्यापाशी शेकडो जवान पाहिले आहेत. अशा इमानाने उभा राहिलेला माणूस मला आठवत नाही. तरीही सवयीने माझी नजर त्यांच्या टाचांवर गेली. दोन्ही टाचा काट्याच्या आत होत्या.

आकडे थोडे हलले आणि थांबले. चोपन्न, आणि वर एक चिमूट.

परिचारिकेने आकडा मोठ्याने वाचला. मुलगी खुर्चीवर बसली. माझे स्नेही काट्यावरून उतरण्यापूर्वी म्हणाले, “सुभेदार, मी बँटम राहिलो नाही.”

शस्त्रक्रियेला जवळजवळ सारा दिवस लागला. ती पार पडली. तिसऱ्या दिवशी मला आत सोडले तेव्हा त्यांच्या नाकात नळी होती, मानेत नळी होती आणि बोलण्यास मनाई होती. वजन पुन्हा उतरलेले दिसत होते. मी खुर्ची ओढून बसलो.  खिशात हात घातला तर स्टॉपवॉच लागले.

“विश्रांतीचे मिनिट,” मी म्हणालो. “तुमची पाळी आहे. तुम्हाला बोलता येत नाही म्हणून तुमच्या वतीने मी बोलतो.”

आणि मी उपाश्याची बाजू मांडली. पाण्यावाचून काढलेले दिवस सांगितले. समोरच्याला श्वास न घेऊ देणारी ती चाल सांगितली. ज्याला कोणी हरवू शकत नव्हते त्याला या माणसाने त्याच्याच वजनात, त्याच्या ऐन भरात हरवले, आणि नंतरच्या कोणत्याही विजयाने ते पुसले जात नाही, हेही सांगितले. शेवटच्या फेऱ्यांत त्याने कॉफीवाल्याला उजव्या हाताने कसे कोंडीत पकडले ते सांगत होतो. बोलता बोलता माझ्या ध्यानात आले की हा युक्तिवाद भक्कम आहे.

तेवढ्यात चादरीवर हालचाल झाली. त्यांचे डोळे उघडे होते. तर्जनी वर आली आणि नकारार्थी हलली. माझे काहीतरी चुकले होते. मग त्यांनी डावा हात, सुईसकट, बोटभर उचलला, मूठ वळली आणि आखूड वळणाने ती चादरीवर टेकवली. उजवा नव्हे, डावा.

मी घड्याळ पाहिले. मिनिट संपले होते. ते मी त्यांना सांगितले नाही.