कोरडवाडीचा शेरीफ आणि सासूबाई

रेडिओवरचं नाटक असतं जेमतेम अर्ध्या तासाचं. पण ते बसवताना आमच्या ग्रुपमध्ये जी नाटकं झाली, ती सांगायला बसले तर चहा दोनदा टाकावा लागेल! असले किस्से कुणी मुद्दाम जपत नाही. फ्रीजवरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात आणि एक काढायला गेलं की सगळे अंगावर येतात.

तर आम्ही जर्मनीतल्या आखनचे. आमच्यातला शिरीष दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि येता-जाता बसमध्ये जुनी अमेरिकन रेडिओ-नाटकं ऐकतो. वेस्टर्न! शेरीफ, दरोडेखोर, घोडे, गोळीबार, सगळं नुसत्या आवाजावर. ऐकून ऐकून त्यानं एक मराठी भाग स्वतःच लिहून काढला. गावाचं नाव कोरडवाडी, शेरीफ तो स्वतः, निवेदिका मी.

आमच्या भागात एक छोटा रेडिओ आहे, तिथं साध्या नागरिकांनाही कार्यक्रम करता येतो. तिथल्या प्रमुख फ्राऊ केसलर, म्हणजे केसलरबाई. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं.

"आल्झो, हे बघा, मराठी कळणारे आखनमध्ये असतील मूठभर. बाकीच्यांनी काय ऐकायचं?"

शिरीष म्हणाला, "वेस्टर्नमध्ये कळायचं काय असतं? घोडा, बंदूक आणि भीती!"

"ठीक आहे. एक भाग, लाइव्ह. मला मराठीचा एक शब्द येत नाही. मला कळला, तर दर महिन्याचा एक तास तुमचा. नाहीतर चूस!"

चूस म्हणजे टाटा. बाहेर येऊन आम्ही एकमेकांकडे पाहिलं. या गावाच्या रेडिओवर आपली भाषा ऐकू येणार, या विचारानंच माझ्या अंगावर काटा आला होता. दर महिन्याला! आता माघार नव्हती.

*

पहिलं काम घोडा. रेडिओवरचा घोडा म्हणजे नारळाच्या दोन करवंट्या, एकमेकींवर आपटायच्या. एशियन दुकानातून नारळ आणला आणि म्हटलं, फोडायचाच आहे तर मुहूर्त करू. हळदीकुंकू लावलं. फोडायचा मान प्रसादला, कारण तो इथल्या विद्यापीठात पीएचडी करतोय आणि त्याचा विषय काय, तर वस्तूंना तडे कसे जातात!

प्रसादनं नारळ हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिला. मग बाल्कनीच्या पायरीवर आपटला. एक करवंटी वाडग्याएवढी, दुसरी बशीएवढी!



"नारळ मटेरियल म्हणून फार अनप्रोफेशनल आहे," प्रसाद म्हणाला.

दुसरा नारळ आणायची मी तयारी दाखवली, पण मुहूर्ताचाच नारळ हवा यावर सगळे ठाम. वाजवून पाहिलं तर घोडा चक्क लंगडत होता. टक्-टुक्, टक्-टुक्. शिरीषनं पाच मिनिटं डोकं धरलं आणि मग पेन काढून स्क्रिप्टमध्ये एक वाक्य वाढवलं: "मित्रा, तुझ्या पायात काटा गेलाय, पण न्याय थांबत नसतो!"

संपूर्ण नाटकातलं सगळ्यात टाळ्यांचं वाक्य ते ठरलं.

*

गोळीबाराची तालीम माझ्या घरी. लाकडी फूटपट्टी सोफ्याच्या लेदरवर सपकन मारली की अस्सल पिस्तूल! रविवारी दुपारी प्रसादनं एका दमात अख्खी टोळी गारद केली आणि दारावरची बेल वाजली.

खालच्या मजल्यावरचे हेर ब्रांट. इथं हेर म्हणजे श्रीयुत. वय पंचाहत्तरच्या पुढे, शर्ट इस्त्रीचा. इथं रविवारी रूहेत्साइट असते, म्हणजे आवाज म्हणून करायचा नाही. घरात भोक पाडायचं ड्रिल तर सोडाच, काचेच्या बाटल्यासुद्धा कचऱ्यात टाकायच्या नाहीत. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. वेस्टर्न आहे, रेडिओवर आहे, सराव चाललाय.

हेर ब्रांटनी मान डोलावली. विचार केला. मग अतिशय समजूतदारपणे म्हणाले,

"माणसं मारण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आज रविवार आहे. चाकूनं मारता येणार नाहीत का?"

*

जुन्या वेस्टर्नमध्ये मध्येच जाहिरात असायची, साबण नाहीतर सिगरेट. शिरीषचा हट्ट, जाहिरात हवीच! तेव्हा त्याच्या सासूबाई, सुमनकाकू, मिरजेहून आलेल्या होत्या आणि त्यांनी आणलेल्या मेतकुटावर आमचा सगळा ग्रुप जगत होता. म्हणून मी मेतकुटाची जाहिरात लिहिली: "शेरीफचा नेम चुकत नाही, कारण शेरीफ जेवतो मेतकूट-भात!"

फ्राऊ केसलरनी जर्मन सारांश वाचला आणि तिथंच बोट ठेवलं. "वेर्बुंग चालणार नाही. आमच्याकडे जाहिरातींना बंदी आहे."

"पण हे मिळतच नाही कुठं!" मी म्हटलं.

"दुकानात नाही?"

"नाही."

"ऑनलाइन?"

"हे नाही. काकूंनी घरी केलंय, आणि तेही संपत आलंय."

"म्हणजे जी वस्तू कुणालाच मिळणार नाही, ती किती छान आहे, एवढंच तुम्ही सांगणार?"

"गेनाऊ! अगदी तेवढंच!"

फ्राऊ केसलरनी पेनाचं टोपण लावलं. "मग ही जाहिरात नाही. ही तक्रार आहे. चालेल."

*

प्रसारण तोंडावर आलं आणि दरोडेखोराचं काम करणाऱ्या आमच्या मित्राला उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली! तो गेला म्युनिककडे, आम्ही बसलो हातावर हात ठेवून. आता धमकी द्यायला आवाज कुणाचा?

सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. सुमनकाकू कोपऱ्यात मटार सोलत होत्या. काकू म्हणजे मिरजेच्या शाळेतल्या निवृत्त पीटीच्या बाई. मैदानाच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाची पोरं सरळ रांगेत आणणारा आवाज! दरोडेखोराची दरोडेखोरीण झाली. काकूंनी पाठांतर दोन दिवसांत केलं. अडलं एकाच ठिकाणी.

वाक्य होतं, "शेरीफ, हात वर कर, नाहीतर मेलास!"

काकू म्हणाल्या, "शेरीफ, हात वर करता का जरा?"

"अहो आई," शिरीष म्हणाला, "तुम्ही दरोडेखोर आहात!"

"असेन हो. पण जावयाला अरे-तुरे? आणि वर मेलास? अधिक महिन्यात ज्यांना चांदीच्या ताटात अनारसे वाढायचे, त्यांना असलं अभद्र बोलू?"

आम्ही सगळे उपाय केले. शिरीष पाठमोरा उभा राहिला. पडद्यामागे उभा राहिला. शेवटी त्यानं काउबॉय हॅट घालून पाहिली.

काकू म्हणाल्या, "टोपी घातली म्हणून जावई बदलतो का?"

त्यातून एकदा कसंबसं "मेलात" पर्यंत गाडी आली. प्रसादनं फूटपट्टी मारली, गोळी सुटली, आणि काकू घाबरून पुढे धावल्या, "लागलं नाही ना शिरीषराव?"

फ्राऊ केसलरना मराठी येत नसेल, पण जीव घ्यायला आलेली बाई तब्येतीची चौकशी करतेय हे कुणालाही कळलं असतं. शिरीषची झोप उडालेली दिसत होती.

*

प्रसारणाचा दिवस. स्टुडिओत एकच टेबल, त्याभोवती आम्ही चौघं. मोठ्या काचेपलीकडे फ्राऊ केसलर, कानावर हेडफोन, एक हात बटणांवर, दुसऱ्या हातात कॉफी. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

लाल दिवा लागला. आणि काय सांगू, आमचा तो शेरीफ असा काही बोलला! प्रसादच्या घोड्यानं कोरडवाडीची धूळ उडवली. मेतकूट दणक्यात झालं. ही दिवसभर ऑफिसात मान मोडून काम करणारी माणसं, आणि आज एका टेबलाभोवती अख्खं गाव उभं करत होती. माझा ऊर अभिमानानं भरून आला होता, आवाज कापू नये म्हणून मी पाणी पीत होते.

आता दरोडा. शिरीषनं पान उलटलं, आणि घाईत पाच-सहा पानं एकदम उलटली! दरोडा पडायच्या आधीच तो शेवटचं वाक्य बोलून मोकळा झाला: "गाव आता सुरक्षित आहे. चल मित्रा, सूर्य मावळतोय!"

प्रसादनं सवयीनं करवंट्या उचलल्या. टक्-टुक्, टक्-टुक्. शेरीफ गावाबाहेर निघाला! दरोडा राहिला, गोळीबार राहिला, घड्याळात दहा मिनिटं शिल्लक. शिरीषच्या लक्षात आलं आणि त्याचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. काचेपलीकडे फ्राऊ केसलरनी कॉफीचा कप खाली ठेवला.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदर खोचला होता. त्यांच्या कपाळावर ती आठी होती, कवायत सोडून पळणाऱ्या पोराला पाहून बाईंच्या कपाळावर येते ती.

"एऽऽ शेरीफ! निघालास कुठं? थांब तिथंच! हात वर!"

टेबलावरचे कागद थरथरले. घोडा जागच्या जागी थांबला, दोन्ही करवंट्या प्रसादच्या डोक्यावर. शिरीषच्या हातातलं स्क्रिप्ट जमिनीवर आणि हात छताकडे. माझेही हात वर गेले होते, हे मला नंतर कळलं.

मी हळूच मान वळवून काचेकडे पाहिलं.

फ्राऊ केसलरचे दोन्ही हात वर होते.