शेवटची पानं कोमलकडे आहेत

जानेवारीत खर्ड्याच्या पुढच्या एका शाळेत गेले होते... आणि तिथे माझ्याच पुस्तकाच्या चिंध्या बघितल्या.

मी किशोरवयीन मुलांसाठी ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिते. ताजी कादंबरी खर्ड्याच्या लढाईच्या दिवसांतली. फौजेला धान्य पुरवणाऱ्या बैलांच्या तांड्यातली राधी तिची नायिका. नगरला प्रकाशन झालं तेव्हा सगळ्यांनी "छान लिहिलंय हो" म्हणत पेढे खाल्ले. पुस्तक मात्र बरेच जण खुर्चीवरच विसरून गेले.

त्यामुळे खर्ड्याकडच्या त्या शाळेतल्या बाईंचा फोन आला, की आठवीच्या मुलींना तुमची राधी फार आवडलीय, तेव्हा मी हरखूनच गेले. नव्या कोऱ्या प्रतींचा गठ्ठा बांधला आणि निघाले.

वर्गात गेले तर टेबलावर माझं पुस्तक... म्हणजे नुसतं कव्हर! आतली पानं सुटी करून, दाभणाने शिवून त्यांची छोटी छोटी पुस्तकं केलेली. कडा दुमडलेल्या, एकावर तर कालवणाचा डाग.

दोन वर्षं घासून लिहिलेलं पुस्तक ते!

मग कळलं, शाळेत प्रत एकच होती आणि घरी न्यायची घाई सगळ्यांना. भांडणं व्हायला लागली, म्हणून मुलींनीच तोडगा काढला. पुस्तकाचे भाग करायचे, एकीचा वाचून झाला की दुसरीला द्यायचा. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतकं मनापासून मला कुणी वाचलंच नव्हतं.

"मग शेवट कसा वाटला?" मी मोठ्या ऐटीत विचारलं.

मुली एका बाकावरच्या रिकाम्या जागेकडे बघायला लागल्या.

शेवटचा भाग कोमलकडे होता. ती सगळ्यांत भरभर वाचायची, म्हणून आधीचे भाग संपवून तो पहिला तिलाच मिळाला. आणि दुसऱ्याच दिवशी ऊसतोडीला जाणारा ट्रक आला. धाकट्या भावाला सांभाळायला आईबापाने तिलाही सोबत नेलं. राधी युद्धातून घरी येते की नाही, हे वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

एवढंच ना! मी गठ्ठा सोडायला घेतला, तर सगळ्या एकदम ओरडल्या. "नगं मॅडम! आन् सांगू बी नगा!" कोमल आली की तीच सगळ्यांना वाचून दाखवणार, असं ठरलं होतं. तोवर नव्या प्रती बाईंच्या कपाटात.

बाई मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, तोडीला गेलेल्या सगळ्याच मुली परत शाळेत येत नाहीत. मागच्या वर्षी दोघी गेल्या... एकीचं लग्नच झालं.

पुढच्या बाकावरच्या मुलीला ते ऐकू गेलं असावं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "यील की ती. शेवट तिच्याकडं हाय न्हवं!"

परतीच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना. पुढचे दोन-अडीच महिने बाईंना फोन करायचा धीरही झाला नाही. नाही आली म्हणाल्या तर?

परवा बाईंचाच फोन आला. कारखान्याचा हंगाम संपला, माणसं घरी आली, आणि कोमल दप्तर घेऊन वर्गात हजर! शेवटचा भाग खताच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणलेला. एकही पान दुमडलेलं नाही.

बाईंनी फोन चालूच ठेवला. कोमल वाचत होती, वर्ग ऐकत होता, आणि इकडे नगरला मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी होते. शेवट माझाच... तरी राधी घराच्या उंबऱ्याशी आली तेव्हा पदर डोळ्यांना लागलाच.

मग कोमल फोनवर आली. मी म्हटलं, "अगं, तू तर हे कधीच वाचलं असशील ना?"

"न्हाई मॅडम. शेवटचं पान ठिवलं हुतं," ती म्हणाली. "वाचलं आसतं तर मग वढ कशाची ऱ्हायली आसती?"



बाईंनी आज फोटो पाठवलाय. सगळे भाग पुन्हा एकत्र शिवलेत, जाड पांढऱ्या दोऱ्याने, जरा वाकडेच. नव्या प्रती आता घरोघरी जातील. ही एक मात्र मी मागितली, तर मुलींनी चक्क नाही म्हणून सांगितलं. पोरींनो, बरोबर केलंत. ते पुस्तक तुमचंच आहे.