चौदावी पेटी सोडून

मला लिहायची सवय नाही. जन्मभर दुसऱ्यांचे अहवाल टाइप केले. स्वतःचं म्हणून फार तर चार पत्रं. पण पेटीमामांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि बाकीचे सगळे कामात आहेत.

आमची प्रयोगशाळा दगड तपासायची. कारखान्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली दीड किलोमीटरवर कोंडून ठेवता येईल का, हा प्रश्न. त्यासाठी खाली वाळूचा दगड हवा, बारीक छिद्रांचा, वायू मुरवून घेणारा. आणि त्याच्यावर झाकणासारखा घट्ट चिकणमातीचा दगड हवा, वायूला वर न सोडणारा. खोल भोक पाडून दोन्ही दगड वर काढायचे. उसाच्या कांड्या कराव्यात तशा त्यांच्या कांड्या आमच्याकडे यायच्या, सगळ्या सारख्याच करड्या आणि चिखलाने माखलेल्या.

त्या लाकडी पेट्यांत लावायचं काम मामांचं. पेटी पुस्तकाच्या पानासारखी वाचायची. वरच्या ओळीत वरचा दगड, शेवटच्या ओळीत सगळ्यात खोलचा. तीस वर्षांत मामांची एक कांडी इकडची तिकडे झाली नव्हती. हे ते दर दोन दिवसांनी सांगायचे. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना रोज शोधावा लागे.

मामा दगड चाटायचे. यात वेडेपणा काही नाही, रीत जुनी आहे. चिकणमातीचा कोरडा दगड जिभेला चिकटतो, वाळूचा नुसता खरखरतो. शिकलेली मंडळीही चाटतात, पण इकडेतिकडे बघून. मामा डोळे मिटून, चवीनं चाटायचे. मामी म्हणायच्या, "घरी भाजीत मीठ नाही हे यांना कळत नाही, आणि तिकडे दगडांना नावं ठेवतात!"

मामांच्या निवृत्तीला पंधरा दिवस राहिले होते. कार्यालयाने पितळी पाटी करायला दिली होती: 'तीस वर्षं, एकही चूक नाही'. मामींनी ही बातमी सगळ्या नणंदा-भावजयांना पोचवली होती, आणि मामांनी घरच्या भिंतीत खिळाही ठोकून ठेवला होता.

त्याच आठवड्यात मोठ्या बाई परगावाहून आल्या. आमच्या मुख्य त्या. यंत्रावरच्या माणसाने झाकण संपून वाळू सुरू होते त्या चौदाव्या पेटीच्या वरच्या ओळीतला, म्हणजे झाकणाचा, तुकडा कापून त्यात एका बाजूने वायू दाबला होता. तो चाळणीतून जावा तसा पार निघून गेला होता. बाईंनी आकडे पाहून मला सांगितलं, "टाइप करा. झाकण गळकं, जागा बाद."

चहाच्या वेळी मी हे मामांना सांगितलं.

"गळकं? काहीतरीच! माझ्या हातून गेलाय तो दगड."

मामा उठले. वरच्या ओळीतली कांडी चाटली. खरखर. दुसरी चाटली. तीही खरखर. मग शेवटच्या ओळीतली चाटली, आणि जीभ चिकटून बसली. मामांचे डोळे एवढाले झाले.

जीभ सोडवून ते स्टुलावर बसले. "अहो भाऊ, त्या दिवशी पंखा बंद होता."

"मग?"

"मग मी खिडकीकडे जाऊन उभा राहिलो. टेबलाच्या पलीकडे. आणि तिकडूनच पेटी भरली! माझं वरचं ते इकडून खालचं झालं."

म्हणजे झाकण म्हणून कापला गेला तो वाळूचा दगड होता. गळणारच.

मी म्हणालो, "कुणाला कळणार आहे? पंधरा दिवस गप्प बसा." हे मी म्हणालो, याची मला अजून लाज वाटते.

मामांनी कांडी पेटीत परत ठेवली. "खिळा ठोकलाय हो," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण ते झाकण बिचारं कोट्यवधी वर्षं घट्ट बसलंय. त्याला मी पंख्यापायी गळकं ठरवू?"

आणि निघाले. बाईंच्या दारात पोचल्यावर मात्र त्यांना शब्द सुचेनात, म्हणून त्यांनी पुरावाच दिला. कांडीचा टवका जिभेला लावून बाईंसमोर तोंड उघडून उभे राहिले.

"मामा, हे काय? डॉक्टरांना बोलवू का?"

मामांनी मान हलवली. टवका लोंबतच राहिला.

"चौदाव्या पेटीतला आहे," मी मागून म्हणालो. "शेवटच्या ओळीतला."

बाईंनी पुढे वाकून टवका पाहिला. मग सावकाश म्हणाल्या, "शेवटच्या? अहो, तिथे वाळू हवी!"

"पेटी उलटी भरली मी," मामांनी टवका काढला. "अहवाल थांबवा. पाटीही थांबवा."

अहवाल थांबला. खरं झाकण कापून यंत्रात घातलं. चार दिवस वायू दाबून पाहिला, तरी त्याने काही सोडला नाही. मी नवा अहवाल टाइप केला.

पाटी मात्र कोरून झाली होती. कारागीर म्हणाला, "पितळ आहे, खोडरबर चालत नाही." तेव्हा मामांनी स्वतः जाऊन खाली बारीक अक्षरांत एक ओळ घालून घेतली: 'चौदावी पेटी सोडून'.

ती आता त्या खिळ्यावर आहे. आलेला प्रत्येक जण चौदाव्या पेटीचं काय म्हणून विचारतो, आणि मामा पंख्यापासून सुरुवात करतात.

मी भीतभीत मामींना विचारलं, वाईट नाही ना वाटलं?

"छे हो! नुसतं 'एकही चूक नाही' लिहिलं असतं, तर या घरात कुणी विश्वास ठेवला असता का?"