उस्तादांच्या लेथला गेज कोण लावणार

शनिवार, ९ मार्च २०१९ रोजी दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या बुक्सोंग रस्त्यावरील ‘सर्वांची कार्यशाळा’ या संस्थेच्या खात्यात त्र्याऐंशी लाख साठ हजार वॉन शिल्लक होते. संस्था स्थापन झाल्यापासून एवढी शिल्लक कधी पडली नव्हती. सभासद बेचाळीस. प्लास्टिकच्या वस्तू छापणारी यंत्रे होती, लाकूड कापणारे लेझर होते, पण लोखंड कातणारे एकही यंत्र नव्हते. आणि संस्था उभी होती ती साऱ्या शहराला लोखंड कातून देणाऱ्या गल्लीत. त्या दिवशीच्या सभेपुढे एकच विषय होता: जुना लेथ विकत घेऊन दुरुस्त करावा की नाही.

या विषयात सर्वांत जास्त जीव अडकला होता तो बांग दूमानचा. वय त्रेसष्ट, धंद्याने टर्नर. लेथ आला तर आठवड्यातून तीन दिवस तो शिकवायला दूमानला नेमायचे, दरमहा नऊ लाख मानधनावर, असे समितीने ठरवले होते. काही सभासद तर आतापासूनच त्याला ‘मास्तर’ म्हणू लागले होते. शेवटचा कारखाना बंद पडल्यापासून तो एका मोठ्या इमारतीच्या फाटकावर पहारा करत होता. तिथले लोक गाडीची काच खाली करून त्याला “ओ!” एवढीच हाक मारत.

दूमान पंधराव्या वर्षी उइसोंगमधील लसणाची शेती सोडून या गल्लीत आला, तो थेट ग्वाक मानसोक यांच्या कारखान्यात. पहिली दोन वर्षे त्याने लोखंडाचा कीस झाडला. झोपायला माळा होता, जेवायला उस्तादांच्या घरचा डबा. चुकले की बोटांवर पाना बसायचा. लग्नात त्याने घातलेल्या कोटाचे भाडे उस्तादांनीच भरले होते. अशी एकोणीस वर्षे गेली. पुढे तो या कारखान्यातून त्या कारखान्यात फिरला, शेकडो यंत्रे त्याच्या हाताखालून गेली, पण स्वतःच्या मालकीचे असे एकही झाले नाही.

सभेपुढे दोन लेथ होते. एक जुन्या यंत्रांचे व्यापारी मो यांच्याकडचा: किंमत अडुसष्ट लाख, मोजमापाचा कागद सोबत, सहा महिन्यांची हमी. दुसरा ग्वाक उस्तादांचा. ते कारखाना बंद करत होते आणि त्यांनी आपणहून दूमानला निरोप धाडला होता: बावन्न लाख.

“सोळा लाखांचा फरक आहे,” दूमान सभेत म्हणाला. “आणि हा लेथ मी ओळखतो. चौऱ्याऐंशी साली नवा आला, तेव्हा त्यावरचा पहिला जॉब मीच काढलाय.”

“पण मास्तर, त्यालाही पस्तीस वर्षं झाली,” जिन मीरान म्हणाली. ती संस्थेची खजिनदार, अडतीस वर्षांची, नोकरीने हिशेब तपासनीस.

“मला त्रेसष्ट झाली. मी काय भंगारात निघालो?”

सगळे हसले. लेथ समक्ष पाहून निर्णय घ्यायचा, आणि दूमान सांगेल ते धरायचे, असे ठरले.

मंगळवारी दूमान आणि मीरान ग्वाक यांच्याकडे गेले. लेथला ताजा हिरवा रंग दिला होता. सत्त्याहत्तर वर्षांचे उस्ताद मागे हात बांधून उभे होते.

“ये रे गाढवा. ही कोण? सून आणलीस काय?”

“खजिनदार आहेत, उस्ताद.”

“म्हणजे पैसे हिच्याकडे. मग खुर्ची हिला दे, तू उभा राहा.”

दूमानने बटण दाबले. लेथ फिरू लागला. आवाज ऐकून त्याचा चेहराच खुलला. मीरानने मात्र पिशवीतून आपली वही काढली.

“मास्तर, मो यांच्या कागदावर बेडची झीज लिहिलेली आहे. आपण इथेही गेज लावून बघायचं ना?”

 मग ग्वाक वळले, कपाटातून बारीकशी झीजही मोजणाऱ्या डायल गेजची लाकडी पेटी काढली आणि दूमानपुढे ठेवली.

“लाव ना. लाव. मुलगी बरोबर बोलतेय.”

एवढे बोलून ते पाठ फिरवून दारापाशी गेले आणि रस्त्याकडे बघत सिगारेट ओढू लागले.

आमच्या गल्लीत ज्याने हातात पहिले अवजार दिले, त्याच्या यंत्राला त्याच्याच समोर गेज लावणे म्हणजे बापाने दिलेली नोट उजेडात धरून बघणे. दूमानचा हात पेटीपर्यंत गेलासुद्धा. ती त्याने उघडली नाही, उचलून परत कपाटात ठेवली.

“गेज कशाला? हात आहे की,” तो म्हणाला, आणि बेडवरून, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पट्ट्यांवरून, तळवा फिरवला. गज पकडणाऱ्या चकाजवळ तळव्याला काहीतरी लागले. ते नव्या रंगाचे असेल, असे त्याने स्वतःला सांगितले.

“लिहा,” तो मीरानला म्हणाला. “बेड उत्तम.”

मीरानने लिहिले.

लेथ आला त्या दिवशी कार्यशाळेत यंत्राची पूजा झाली. पाटावर डुकराचे उकडलेले मुंडके, तांदळाच्या वड्या, सुकवलेला मासा, माकगोली ही तांदळाची दारू. ग्वाक उस्ताद मानाचे पाहुणे. त्यांनी सर्वांच्या आधी गुडघे टेकून लेथला वाकून नमस्कार केला आणि मुंडक्याच्या तोंडात पन्नास हजारांची नोट खोचली. सभासदांनी टाळ्या वाजवल्या. दूमानने दोन्ही हातांनी त्यांचा पेला भरला.

“माझ्यामागे याला सांभाळ,” उस्ताद म्हणाले.

“जीव लावीन, उस्ताद.”

पुढच्या आठवड्यात दूमानने दुरुस्ती काढली. आधी एक गज चकात धरून कातून पाहिला, तर तो एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघाला. मग घरचे स्वतःचे गेज आणून बेडला लावले. चकाजवळ एकतीस शतांश मिलिमीटर झीज. दहापर्यंत चालवून घेता आले असते. त्याने थिनरने रंग पुसला. लेथच्या डोक्याच्या बीडात वीतभर तडा होता, पुट्टीने भरलेला, घासून गुळगुळीत केलेला. वर हिरवा रंग.

तो मो यांच्या दुकानात गेला. तडा भरून घेण्याचा काही उपाय आहे का, एवढेच त्याला विचारायचे होते.

“ग्वाकचा हिरवा?” मो हसले. “अहो, जानेवारीत मीच बघून आलो. गेज लावलं, सात लाख सांगितले, भंगार म्हणून. म्हातारा म्हणाला, बरं. मग आठवडाभराने कळवलं, द्यायचा नाही, दुसरं गिऱ्हाईक मिळालं. कोण हो ते?”

दूमान तिथून उठून थेट उस्तादांकडे गेला.

ग्वाक रिकाम्या कारखान्यात स्टुलावर बसून उदोनच्या शेवया खात होते.

“बस. जेवलास?”

“उस्ताद, तुम्हाला ठाऊक होतं.”

“काय?”

“बेड. तडा. मो येऊन गेले होते.”

ग्वाकनी तोंडातला घास संपवला.

“गेज मी तुझ्यापुढे ठेवलं होतं. त्या पोरीसमोर ठेवलं होतं. हो की नाही?”

“तुम्ही ठेवलंत म्हणूनच मला लावता आलं नाही.”

“मग चूक कुणाची?”

“दुसरा कोणी असता तर त्यानं लावलं असतं.”

“म्हणूनच तर तुला निरोप धाडला,” उस्ताद शांतपणे म्हणाले. “एकोणीस वर्षं जेवू घातलं तुला. त्याचं बिल कधी लावलं का मी?”

“ते पैसे माझे नव्हते. बेचाळीस लोकांचे होते.”

“मग त्यांना सांग की. म्हणावं, माझ्या उस्तादांनी फसवलं. सांगशील?”

दूमान उभाच होता. ग्वाकनी पुन्हा वाडगा तोंडाला लावला.

“पैसे शुक्रवारीच बँकेच्या कर्जात गेले. शेवया घे, गार होतायत.”

एप्रिलच्या सभेत दूमानने झीज सांगितली, तडा सांगितला. मो यांनी लेथ आधीच पाहिला होता, हे मात्र सांगितले नाही.

“माझ्या हाताची चूक झाली,” तो म्हणाला. “वय झालं. पण बेड मी हातानं खरवडून सरळ करीन. फुकट. आठ महिने द्या.”

“आणि तडा?” एकाने विचारले.

“टाके घालता येतात बीडाला. जपून चालवला तर...”

“शिकाऊ माणसं जपून चालवतील?”



“ग्वाक यांना हे माहीत होतं का?” मीरानने विचारले. ती त्याच्याकडे टक लावून पाहत होती.

“नाही,” दूमान म्हणाला. “त्यांनी तर गेज पुढे केलं होतं. तुम्ही होतातच की.”

मीरानने मान खाली घातली आणि मते मोजायला घेतली. दुरुस्तीच्या बाजूने चार, विरुद्ध एकवीस. लेथ भंगारात काढायचा, आणि दुसरा घेण्याइतकी शिल्लक पडेपर्यंत शिक्षकाची जागा रद्द. कुणी आवाज चढवला नाही. उलट जो तो जाताना त्याच्यापुढे वाकून म्हणाला, “फार कष्ट घेतलेत.” दोघांनी तर सभासदांच्या वतीने त्याला फळांची टोपली द्यावी, असेही सुचवले. दाराशी मीरान थांबली.

“बांगकाका, सांभाळून जा हं,” ती म्हणाली.

मास्तर हा शब्द पुन्हा कुणी काढला नाही.

ग्वाक उस्ताद मे महिन्यात मुलाकडे पोहांगला राहायला गेले. निरोपाच्या जेवणाला गल्लीतले सगळे जुने कारागीर जमले. दूमानही गेला. त्याने दोन्ही हातांनी उस्तादांचा पेला भरला, आणि सगळ्यांच्या देखत उस्ताद म्हणाले, “माझ्या हाताखालून तीस पोरं गेली. इमानी हा एकच.” दूमानने मान लववली. लोक समजले, त्याला गहिवरून आले.

तो अजून त्याच फाटकावर आहे. बायकोला त्याने सांगितले की संस्थेनेच बेत बदलला.

लेथचे भंगारात चार लाख ऐंशी हजार वॉन आले, ते संस्थेच्या खात्यात जमा झाले. भंगारापर्यंत नेणाऱ्या क्रेनच्या गाडीचे भाडे आपण भरू, असे दूमानने सभेत कबूल केले होते. भाडे एक लाख ऐंशी हजार झाले. त्यातले एक लाख चाळीस हजार त्याने दिले आहेत. चाळीस हजार द्यायचे बाकी आहेत.